मुलीला राज्यशास्त्र घ्यायचंय, पण ते तिला आवडेल का हे आधी कसं कळेल?

तुम्ही विचारलंय की मुलगी अकरावीत आहे, बारावीनंतर राज्यशास्त्रात पदवी करायची म्हणते, घरातली मोठी माणसं ‘पुढारी व्हायचंय का?’ म्हणतात, आणि हा विषय तिला झेपेल-आवडेल का हे नागपुरात राहून कसं पारखायचं? मी इथल्याच एका कनिष्ठ महाविद्यालयात हा विषय शिकवतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कॉलेजांची यादी आत्ताच काढू नका. आधी तिला एखादा प्रश्न धरू द्या आणि त्याच्या मागे जाऊ द्या. दहावीला निवडणूक प्रक्रिया, राजकीय पक्ष, चळवळी हे सगळं तिने वाचलेलंच आहे, पण पाठ करून. पदवीला हेच विषय पुन्हा येतात, तेव्हा असं का झालं, त्याला पुरावा काय आणि विरुद्ध बाजूचं म्हणणं काय, हे विचारतात. त्यात तिचं मन रमतं का, एवढंच आधी बघायचं.

नागपूरच्या मुलांना यासाठी लांब जावं लागत नाही. मी वर्गात बहुतेक वेळा एकाच प्रश्नाने सुरुवात करतो: हिवाळी अधिवेशन आपल्याकडेच का भरतं? मुलं आधी नागपूर उपराजधानी आहे म्हणून सांगतात. मग उपराजधानी का, हा पुढचा प्रश्न. त्यातून २८ सप्टेंबर १९५३ चा नागपूर करार निघतो; विदर्भ महाराष्ट्रात यावा म्हणून नेत्यांनी केलेल्या या करारात वर्षाला एक अधिवेशन नागपुरात घ्यायचं ठरलं होतं. १९५६ पर्यंत नागपूर मध्य प्रदेशची राजधानी होती, हे बऱ्याच जणांना तेव्हा पहिल्यांदा कळतं. राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ मध्ये वेगळ्या विदर्भाची शिफारस केली होती, तरी राज्य झालं नाही. त्याऐवजी संविधानात विदर्भासारख्या भागांसाठी विकास मंडळांची तरतूद करणारं कलम ३७१(२) आलं आणि त्यावर आधारलेलं विकास मंडळ प्रत्यक्षात यायला १९९४ उजाडलं. घरी आजोबा ज्याला ‘अनुशेष’ म्हणतात, म्हणजे विकासात एखादा भाग किती मागे राहिला ती तूट, तो कसा मोजायचा यासाठी दांडेकर समिती नेमली गेली होती. इथपर्यंत आलं की वर्गाचे सरळ दोन तट पडतात: छोटी राज्यं हवीत की नकोत. तेव्हा मी प्रत्येकाला आपल्या विरुद्ध बाजूने एक पान लिहून आणायला लावतो. जी मुलं ते पान मनापासून लिहून आणतात, त्यांना हा विषय लाभतो, असा माझा अनुभव आहे. तुमच्या मुलीलाही असं एक पान लिहायला सांगा. घरात कुणाला तिचं म्हणणं पटलं नाही तरी तिला पूर्ण बोलू द्या, ही मात्र कळकळीची विनंती.

डिसेंबरमध्ये अधिवेशन सुरू असेल तेव्हा तिला घेऊन मॉरिस कॉलेज टी पॉइंटकडे एक चक्कर मारा. मोर्चे तिथे अडवले जातात. अंगणवाडी सेविका, शिक्षक, शेतकरी, कुणीही असो, त्यांची मागणी काय आणि ती मान्य करण्याचा अधिकार नेमका कुणाकडे, राज्याकडे की केंद्राकडे, हे तिने दोघा-तिघांशी बोलून टिपून घ्यावं. एका विद्यार्थिनीने मला विचारलं होतं, “सर, शांतपणे जमायचा हक्क आहे, मग बॅरिकेड कशाला?” त्या आठवड्यात आम्ही कलम १९ मधला हक्क आणि त्यावरचे ‘वाजवी निर्बंध’ शब्द न् शब्द वाचले. दुसऱ्या दिवशी त्याच मोर्चाची बातमी दोन वेगवेगळ्या पेपरांत शेजारी ठेवून वाचायची. आमदारांमार्फत प्रेक्षक गॅलरीचा पास मिळाला तर विधान भवनातलं कामकाजही जरूर दाखवा.

वाचायला संविधान सभेतल्या चर्चा नेटवर मोफत आहेत. सगळ्या नकोत. डॉ. आंबेडकरांचं २५ नोव्हेंबर १९४९ चं भाषण पुरे. ते इंग्रजीतून, हळूहळू का होईना, वाचायला सांगा, कारण पदवीला बरीचशी पुस्तकं इंग्रजीतच मिळतात आणि मराठी माध्यमातली हुशार मुलं तिथे पहिलं वर्ष चाचपडतात. ती सवय आत्ता लागली तर पुढे त्रास नाही.

प्रवेशाचं थोडक्यात. कोणत्याही शाखेतून बारावी झालेल्यांना बी.ए. करता येतं. दिल्ली विद्यापीठासारख्या केंद्रीय विद्यापीठांत २०२२ पासून सीयूईटी या सामाईक प्रवेश परीक्षेवर प्रवेश होतात, आणि त्या परीक्षेला कोणते विषय निवडायचे याचे नियम प्रत्येक विद्यापीठाचे वेगळे, ते त्या वर्षीच्या माहितीपत्रकातच बघा. पुण्यात फर्ग्युसन, मुंबईत झेवियर्स आहेत. नागपूर विद्यापीठाच्या कॉलेजांतही राज्यशास्त्र घेऊन बी.ए. होतं, आणि घरी राहून चांगलं वाचन करणाऱ्या मुलीसाठी तो पर्याय मुळीच कमी नाही.

घरच्यांना नोकरीची काळजी असणारच. स्पर्धा परीक्षेसाठी हा विषय घेणारे पुष्कळ, यूपीएससीला तो वैकल्पिक म्हणून आहेच. पण त्या एकाच आशेवर तीन-चार वर्षं काढायला लावू नका. वकिली, पत्रकारिता, संशोधन, अध्यापन, सामाजिक संस्था असे बरेच रस्ते आहेत. खासदारांसोबत वर्षभर संसदीय कामाचा अभ्यास करायला मिळणारी ‘लॅम्प’ फेलोशिप पदवीनंतर करता येते, ती मला विशेष आवडते.

शेवटी, हा विषय सध्या शिकणाऱ्या एखाद्या ताई-दादाशी तिची भेट घालून द्या. गेल्या महिन्यात काय वाचलं, काय कंटाळवाणं वाटलं, कशावरून वर्गात वाद झाला, एवढंच तिने विचारावं. तेव्हा तुम्ही शेजारी बसू नका.