वाचकांचे प्रश्न : निसटता निकाल आणि मोजणीचे टेबल

नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत नाशिक जिल्ह्यातल्या १५ जागांपैकी मालेगाव मध्यचा निकाल अवघ्या १६२ मतांनी लागला. मुफ्ती मोहम्मद इस्माईल यांना १,०९,६५३ आणि आसिफ शेख यांना १,०९,४९१ मते. राज्यातला तो सर्वांत कमी फरक. त्याखालोखाल साकोली २०८ आणि बेलापूर ३७७. अशा निकालांबद्दल आलेल्या पत्रांपैकी काहींना इथे उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

फरक इतका कमी असेल तर फेरमोजणी आपोआप व्हायला नको का? किती मतांच्या आत फरक असला की फेरमोजणी बंधनकारक असते? (मालेगाव कॅम्प)

असा कुठलाही आकडा कायद्यात नाही. फरक एका मताचा असला तरी फेरमोजणी मागावी लागते. ती लेखी आणि कारणांसह मागावी लागते, आणि त्यासाठी मिळणारा वेळ फार थोडा असतो.

निवडणूक संचालन नियम १९६१ मधला नियम ६३ यासाठी आहे. सगळ्या फेऱ्या आणि टपाली मते मिळून प्रत्येकाची एकूण मते निवडणूक निर्णय अधिकारी जाहीर करतात आणि मिनिट-दोन मिनिटे थांबतात. खरी संधी तेवढीच. या वेळेत उमेदवाराने, त्याच्या निवडणूक प्रतिनिधीने किंवा मतमोजणी प्रतिनिधीने उभे राहून ‘आम्हाला फेरमोजणीचा अर्ज द्यायचा आहे’ असे सांगायचे. अर्ज लिहायला वेळ मागता येतो. मागणी रास्त वाटली तर अधिकारी किती वाजून किती मिनिटांपर्यंत थांबणार ते जाहीर करतात. अर्ज पूर्ण मान्य करणे, काही भागापुरता मान्य करणे किंवा फेटाळणे त्यांच्या हातात असते, पण निर्णय कारणांसह लेखी द्यावा लागतो. एकदा नमुना २० वर, म्हणजे अंतिम निकालपत्रकावर, सही झाली की त्या सभागृहात फेरमोजणीचा विषय संपला. बाहेर कितीही घोषणा दिल्या तरी काही होत नाही.

अर्ज फेटाळला जातो तो बहुतेक वेळा ‘फरक कमी आहे, संशय आहे’ एवढेच लिहिल्यामुळे. कंट्रोल युनिटचे, म्हणजे मतदान यंत्राच्या मते साठवणाऱ्या भागाचे, बटण पुन्हा दाबले तर तेच आकडे पुन्हा दिसणार. चूक होते ती आकडे उतरवताना, बेरजेत आणि टपाली मते बाद करताना. म्हणून अर्जात मतदान केंद्राचा क्रमांक, फेरी, टेबल, तुमच्या प्रतिनिधीने टिपलेला आकडा आणि फलकावर लागलेला आकडा हे सगळे हवे. ‘केंद्र क्र. १४७, फेरी ११, टेबल ७ : यंत्रावर ३१२, पत्रकात २१३’ अशी एक ओळ पानभर तक्रारीपेक्षा भारी पडते.

पहिल्यांदाच मतमोजणी प्रतिनिधी म्हणून बसणार आहे. टेबलावर नेमके काय बघायचे? पक्षाच्या बैठकीत फक्त ‘लक्ष ठेवा’ एवढेच सांगितले. (सिडको)

‘लक्ष ठेवा’ ही सूचना नव्हे. तयारी मतदानाच्या दिवशीच सुरू होते. मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष नमुना १७-सी चा, म्हणजे केंद्रावर पडलेल्या मतांच्या हिशेबपत्रकाचा, पहिला भाग भरतात आणि हजर मतदान प्रतिनिधींना त्याची साक्षांकित प्रत देतात. ही प्रत घेतल्याशिवाय केंद्र सोडायचे नाही, हे तुमच्या पक्षाच्या प्रत्येक बूथवाल्याला आधी सांगा. संध्याकाळी घाईत निघून जाणारे प्रतिनिधी, हेच बहुतेक पक्षांचे खरे दुखणे. ती प्रत हातात नसेल तर मोजणीच्या टेबलावर तुमच्याकडे ताडून बघायला काहीच नाही.

नेमणूक नमुना १८ वर होते. फोटो लावून दोन प्रती, आणि मोजणीच्या तीन दिवस आधी संध्याकाळी ५ पर्यंत यादी द्यायची. साधारण १४ टेबले असतात, शिवाय निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांचे एक. प्रत्येक टेबलाला एक प्रतिनिधी. समजा मतदारसंघात ३०० केंद्रे आहेत, तर २२ फेऱ्या होतील आणि शेवटच्या फेरीत फक्त ६ टेबले चालतील. कुठले केंद्र कुठल्या फेरीत कुठल्या टेबलावर येणार हे आधीच काढून १७-सी च्या प्रती त्याच क्रमाने लावून न्या. मोबाइल आत नेता येत नाही. पेन, कोरे कागद आणि १७-सी एवढेच न्यायचे. आपले टेबल सोडून दुसरीकडे फिरू देत नाहीत, म्हणून ज्याला बेरीज पक्की येते असा माणूस अधिकाऱ्यांच्या टेबलावर बसवा, भाषण करणारा नको.

कंट्रोल युनिट टेबलावर आले की आधी त्याचा क्रमांक १७-सी शी जुळवा. मग सील बघा : पेटीवरचा पत्ता-टॅग, यंत्रावरच्या पट्ट्या, निकालाच्या कप्प्यावरचा हिरवा कागदी सील आणि त्यावरचा क्रमांक. आक्षेप असेल तर निकालाचे बटण दाबण्याआधी घ्या. आकडे दिसल्यावर सील आठवला तर कुणी ऐकत नाही. बटण दाबल्यावर एकूण मते आणि मग एकेका उमेदवाराची मते, शेवटी ‘नोटा’. भरभर लिहून घ्या. सुटले तर पर्यवेक्षकाला पुन्हा दाखवायला सांगा, यंत्र हवे तितक्या वेळा दाखवते.

एकूण आकडा १७-सी च्या पहिल्या भागाशी जुळला पाहिजे. इथे एक बारकी गोष्ट हमखास राहून जाते. व्हीव्हीपॅटची, म्हणजे मत कुणाला गेले ते छापून दाखवणाऱ्या यंत्राची, चिठ्ठी चुकीची निघाली अशी तक्रार मतदाराने केली, तर नियम ४९-एमए प्रमाणे त्याला चाचणी मत देऊ दिले जाते. ते मत कुणाला पडले हे पहिल्या भागात लिहिलेले असते आणि मोजणीच्या वेळी त्या उमेदवाराच्या मतांतून वजा करायचे असते. मोजणीच्या टेबलावर भरल्या जाणाऱ्या दुसऱ्या भागात ही वजाबाकी झाली का ते बघा. आकडा जुळला की दुसऱ्या भागावर सही करा. जुळला नाही तर सहीआधी लेखी आक्षेप द्या.

बसण्याचा क्रमही ठरलेला असतो : मान्यताप्राप्त राष्ट्रीय पक्ष, मग राज्यस्तरीय, अपक्ष सर्वांत शेवटी. अपक्षाच्या प्रतिनिधीला डिस्प्ले नीट दिसत नसेल तर यंत्र फिरवून दाखवायला बेलाशक सांगावे.

माझा मुलगा लष्करात आहे. त्याची टपाली मतपत्रिका बाद झाली असेल तर आम्हाला कळते का? आणि एवढ्या मतपत्रिका बाद होतात तरी कशा? (देवळाली कॅम्प)

कुणाची मतपत्रिका बाद झाली हे मतदाराला कळवत नाहीत. मात्र कारणे अगदी साधी असतात. सैनिकाला मतपत्रिका इलेक्ट्रॉनिक पद्धतीने जाते. तो ती छापून घेतो, खूण करतो आणि पोस्टाने परत पाठवतो. मतपत्रिका १३-बी या आतल्या पाकिटात बंद करायची. सही आणि साक्षांकन असलेले १३-ए हे घोषणापत्र त्या पाकिटाच्या बाहेर ठेवायचे. मग दोन्ही १३-सी या मोठ्या पाकिटात घालायचे. सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे घोषणापत्र मतपत्रिकेसोबत आतल्या पाकिटात जाते. मोजणीच्या टेबलावर मोठे पाकीट उघडले आणि १३-ए बाहेर दिसले नाही, की आतले पाकीट न उघडताच ते बाद होते. सही नसणे, साक्षांकन नसणे, १३-ए आणि १३-बी वरचा मतपत्रिकेचा क्रमांक न जुळणे, यांचेही तेच. यातून पार पडलेली मतपत्रिकाही खूण नसेल, दोघांना खूण असेल किंवा मतदाराची ओळख पटेल असे काही लिहिले असेल तर बाद होते. खूण कशीही चालते, बरोबरची, फुलीची; मत कुणाला आहे हे स्पष्ट हवे. मोजणीच्या दिवशी सकाळी ८ नंतर आलेले पाकीट उघडतच नाहीत.

फरक कमी असेल तर सगळी गंमत इथेच असते. लोकसभा २०२४ मध्ये मुंबई उत्तर-पश्चिम मतदारसंघात यंत्रांवरच्या मतांत अमोल कीर्तिकर एका मताने पुढे होते. टपाली मते धरून रवींद्र वायकर ४८ मतांनी विजयी झाले. बाद टपाली मते विजयाच्या फरकापेक्षा जास्त असतील तर निकाल जाहीर करण्यापूर्वी बाद झालेल्या सर्व मतपत्रिका निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांनी पुन्हा तपासायच्या, असा निवडणूक आयोगाचा आदेश आहे, आणि वरच्या निकालात बाद मते १११ होती. उलट गुजरातेत धोळका मतदारसंघात २०१७ साली भूपेंद्रसिंह चुडासमा ३२७ मतांनी निवडून आले आणि ४२९ टपाली मते बाद झाली होती. ती बेकायदा बाद केली म्हणून गुजरात उच्च न्यायालयाने मे २०२० मध्ये निवडणूक रद्द ठरवली. त्या निकालाला सर्वोच्च न्यायालयाने लगेच स्थगिती दिली. म्हणून टपाली टेबलावर बसणाऱ्याने बाद पाकिटांचा आकडा कारणानुसार वेगळा टिपून ठेवावा.

सप्टेंबर २०२५ पासून आयोगाने आणखी एक सुधारणा केली आहे : टपाली मतांची मोजणी पूर्ण झाल्याशिवाय यंत्रांची शेवटून दुसरी फेरी सुरू करायची नाही. फार पूर्वीच व्हायला हवे होते.

मतमोजणीच्या दिवशी यंत्राची बॅटरी ९९ टक्के दिसते, दिवसभर वापरूनही. हे कसे? (सातपूर)

ही मोबाइलची बॅटरी नव्हे. कंट्रोल युनिटमध्ये साडेसात व्होल्टचा अल्कलाइन बॅटरी पॅक असतो आणि पडद्यावरचा टक्का व्होल्टेजवरून येतो. आयोगाच्या खुलाशानुसार ७.४ व्होल्टच्या वर सगळे ९९ टक्केच दिसते. खाली आल्यावर टक्के उतरू लागतात. बाराशे मतदारांच्या केंद्रावर आणि तीनशेच्या केंद्रावर वेगळा टक्का दिसला, तर त्यात नवल नाही.

सगळ्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या का मोजत नाहीत? (पंचवटी)

सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये दर विधानसभा मतदारसंघात पाच केंद्रांचे प्रमाण ठरवले आणि २६ एप्रिल २०२४ च्या निकालात शंभर टक्के मोजणीची मागणी फेटाळली. ती पाच केंद्रे शेवटच्या फेरीनंतर सर्वांसमोर चिठ्ठ्या काढून ठरवतात, आणि चिठ्ठ्या २५-२५ च्या गठ्ठ्यांत मोजतात.

याशिवाय दोन वाटा आहेत. नियम ५६-डी प्रमाणे निकालपत्रकातले आकडे जाहीर झाल्यावर उमेदवार ठरावीक केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजायची लेखी मागणी करू शकतो. ती उगाच केलेली वाटली तर फेटाळली जाते. चिठ्ठी आणि यंत्र यांत फरक आला तर चिठ्ठी ग्राह्य. दुसरी वाट केंद्राध्यक्षाच्या विसरभोळेपणामुळे उघडते. मतदानाआधी यंत्र तपासायला किमान ५० मतांचे अभिरूप मतदान होते. ते पुसून टाकायचे राहिले, की यंत्रातला आकडा १७-सी शी जुळत नाही आणि ते यंत्र बाजूला ठेवतात. २०२५ पर्यंत, विजयाचा फरक अशा केंद्रांतल्या एकूण मतांपेक्षा मोठा असेल तर ती मोजायची गरज पडत नसे. १६२ सारखा फरक असेल तर एका बूथचे असे यंत्रही निकालावर बसते, मग त्याच्या चिठ्ठ्या मोजाव्या लागतात.

माझ्या नावावर दुसरेच कुणीतरी मत देऊन गेले. मला कागदी मतपत्रिका देऊन मत घेतले. ते मोजले गेले का? (सिन्नर)

नाही. ते प्रदत्त मत. नमुना १७-बी मध्ये त्याची नोंद होते आणि पाकीट सीलबंद राहते. मोजणीच्या दिवशी ते उघडत नाहीत. न्यायालयाने निवडणूक याचिकेत आदेश दिला तरच. तरीही मागे वळून घरी जाऊ नका, ते मत द्याच. निकाल एक-दोन मतांवर आला तर कामाला येणारी तीच नोंद असते. राजस्थानात नाथद्वारा इथे २००८ मध्ये सी. पी. जोशी एका मताने पडले होते.

दोघांना समान मते पडली तर? (निफाड)

लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम ६५ प्रमाणे निवडणूक निर्णय अधिकारी तिथल्या तिथे चिठ्ठी काढतात. जिच्या नावाची निघेल तिला किंवा त्याला एक मत जास्त मिळाले असे धरतात. मुंबई महापालिकेच्या २०१७ च्या निवडणुकीत प्रभाग २२० मध्ये दोन उमेदवारांना ५,९४६ अशी सारखीच मते पडली आणि निकाल चिठ्ठीवर लागला. नोटा कितीही असली तरी या हिशेबात येत नाही.

फेरमोजणीचा अर्ज फेटाळला. पुढे काय? जिल्हा न्यायालयात जाता येते का? (येवला)

नाही. निवडणूक याचिका थेट उच्च न्यायालयात, नाशिककरांसाठी मुंबईत. निकालाच्या दिवसापासून ४५ दिवसांत. २३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालासाठी शेवटची तारीख ७ जानेवारी २०२५ होती. आजारपण, वकील बदलला, कागद उशिरा मिळाले, यातले एकही कारण उशीर माफ करून देत नाही. याचिका उमेदवार करू शकतो, तसाच मतदारसंघातला कुठलाही मतदारही.

रक्कम लहान, पण चुकली तर सगळे जाते : २,००० रुपये सुरक्षा ठेव याचिका दाखल करतानाच भरायची. प्रतिवादी जितके, तितक्या प्रती, आणि प्रत्येक प्रतीवर ‘खरी प्रत’ म्हणून याचिकाकर्त्याची स्वतःची सही. भ्रष्ट आचाराचा आरोप असेल तर नमुना २५ मधले प्रतिज्ञापत्र सोबत. केवळ फरक कमी आहे म्हणून न्यायालय मतपेट्या उघडत नाही. कुठल्या केंद्रावर काय घडले हे याचिकेतच नेमके मांडावे लागते. म्हणजे पुन्हा १७-सी च्या प्रती, टेबलावर टिपलेले आकडे, लेखी आक्षेप आणि फेटाळल्याचा लेखी आदेश. हा आदेश मोजणी केंद्रातून बाहेर पडण्याआधीच मागून घ्या. सीसीटीव्ही चित्रीकरण हवे असेल तर वकिलाला पहिल्या आठवड्यातच सांगा. याचिका दाखल नसेल तर ४५ दिवसांनंतर ते नष्ट करण्याची आयोगाची मे २०२५ ची सूचना आहे.