पद्मिनी महिनाभर उभी आहे, पहाटे एक फेरी मारू का?

(हे उत्तर मे 2021 मधलं, कोरोनाच्या निर्बंधांच्या काळातलं.) तुमचा प्रश्न असा : 1978 ची प्रीमियर पद्मिनी मोटार, 14 एप्रिल 2021 च्या रात्री निर्बंध लागले तेव्हापासून दारात उभी. महिना झाला. पहाटे पाचला रस्त्यावर चिटपाखरू नसतं. सोलापुरातून तुळजापूर रोडनं उळे गावापर्यंत जाऊन यायचं, काच खाली करायची नाही, कुणाला शिवायचं नाही. मग कुणाचं काय बिघडतं? आणि नाही नेली तर इंजिन जाम होईल, त्याची भरपाई कोण देणार?

आधी जामचं बोलतो, म्हणजे तुम्हाला झोप लागेल. महिन्याभरात इंजिन जाम होत नाही, तेही सोलापूरच्या मे महिन्यात. जाम होतं ते सिलिंडरच्या भिंतीला गंज धरला की, आणि गंजाला दमट हवा लागते. आपल्याकडे आत्ता दोरीवर टाकलेला टॉवेल अर्ध्या तासात पापडासारखा होतो. रत्नागिरीचा कुणी हाच प्रश्न विचारता तर वेगळं सांगितलं असतं. खरी काळजी मृगाचा पाऊस सुरू झाल्यावर करायची.

आता फेरीचं. मी मारलेली आहे, म्हणून सांगतो.

मागच्या वर्षी मे महिन्यात, तुमच्यासारखाच हिशेब करून, मी वडिलांची पद्मिनी पहाटे सव्वापाचला काढली. जुळे सोलापुरातून आसरा पूल ओलांडून होटगी रोड, विमानतळापर्यंत जायचं आणि परत. जाताना काय मजा आली म्हणून सांगू! चाळीस वर्षांत एवढा मोकळा होटगी रोड मी पाहिला नव्हता. परत येताना पुलाच्या अलीकडे गाडीनं दोन आचके दिले आणि बसली. बॉनेट उघडलं तर इंजिनावरच्या पेट्रोल पंपाचा डायफ्राम, म्हणजे आतला रबरी पडदा, फाटलेला. दीड महिना उन्हात उभं राहून रबर कडक झालं होतं, चालू केल्यावर तडकलं.

पुढचा पाऊण तास मोजून सांगतो. बंदोबस्तावरचे हवालदार आले. रात्रभर उभे असलेले, डोळे लाल. त्यांनी पावती फाडली नाही, मास्क वर ओढला आणि मागून गाडी ढकलायला लागले. एक दूधवाला सायकल स्टँडला लावून मदतीला आला. मुलगा मोटरसायकलवर दोरी घेऊन आला. आणि मी आमच्या मिस्त्रींना, चाचांना, फोन लावला. चाचा माझ्या वडिलांपासून ही गाडी बघतात, साठी ओलांडलेली. फोनवर एवढंच म्हणाले, ‘मालक, तिथंच थांबा, स्टार्टर मारत बसू नका.’ अर्ध्या तासात पिशवी लटकवून सायकलवर हजर. दुकानं सगळी बंद, म्हणून घरातल्या एका जुन्या पंपाचा डायफ्राम काढून आणला होता. दहा मिनिटांत बसवला. पैसे घेईनात.

संध्याकाळी त्यांच्या मुलाच्या बोलण्यातून कळलं की, त्यांची गल्ली आदल्या दिवशीच कोरोनाच्या प्रतिबंधित क्षेत्रात गेली होती. तोंडाला पत्रे ठोकलेले. मागच्या बोळातून सायकल खांद्यावर घेऊन ते बाहेर पडले होते. मी विचारलं नव्हतं, त्यांनी सांगितलं नव्हतं. विचारलं असतं तरी ते आलेच असते, कारण फोन माझा होता. त्यानंतर चौदा दिवस मी रोज संध्याकाळी त्यांना फोन करायचो. प्लगचा गॅप किती ठेवू, कार्बोरेटर उघडू का, असलं काहीतरी विचारायचो. प्लगचा गॅप मला कॉलेजपासून ठाऊक आहे, आणि मला ठाऊक आहे हे त्यांनाही ठाऊक होतं. तेही निमूट उत्तर द्यायचे आणि शेवटी म्हणायचे, ‘तब्येत ठीक आहे, मालक.’ कुणाला काही झालं नाही. पण ते चौदा दिवस मी पुन्हा काढणार नाही.

तुमच्या हिशेबात तुम्ही एकटे आहात. जुनी गाडी एकट्यानं चालतच नाही हो. नवी गाडी बंद पडायची शक्यता कमी, आणि पडलीच तर कंपनीवाले ती दुसऱ्या दिवशी उचलायला येतात. आपल्या गाड्या रस्त्यावर असतात त्या ओळखीच्या मिस्त्रीच्या, टपरीवाल्याच्या, धक्का देणाऱ्या चार माणसांच्या भरवशावर. ती चार माणसं सध्या घरात बसवलेली आहेत. विनाकारण फिरणं म्हणतात ते हेच. रस्ता मोकळा आहे की नाही, याच्याशी त्याचा संबंध नाही.

कायद्याचं थोडक्यात. 22 एप्रिल 2021 च्या रात्रीपासून खाजगी गाडी फक्त अत्यावश्यक किंवा सबळ कारणासाठी, ड्रायव्हर सोडून निम्म्या आसनांवर माणसं, आणि तीही आपल्या शहरापुरती. मोडलं तर दंड 10,000 रुपये. ‘इंजिन फिरवायचं होतं’ हे सबळ कारण म्हणून नाक्यावर सांगून बघा, मलाही कळवा काय झालं ते. उळ्यावर न थांबता हात सळसळले आणि तामलवाडी गाठलीत तर जिल्हाच बदलतो, मग वेगळंच प्रकरण. कागदांची चिंता नको : 1 फेब्रुवारी 2020 नंतर संपलेलं लायसन्स, आरसी, फिटनेस 30 जून 2021 पर्यंत चालू धरायचं असं केंद्राच्या परिवहन मंत्रालयानं मार्च 2021 मध्ये कळवलंय. विमा मात्र त्यात धरू नका, तो घरबसल्या ऑनलाइन भरता येतो.

तुमचे इंग्लंडमधले मेहुणे म्हणाले ना, की तिकडे 40 वर्षांपुढच्या गाडीला एमओटीची, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी आहे का याची दरवर्षीची, तपासणीच माफ आहे. खरंय. शिवाय मागच्या वर्षी, 2020 मध्ये, तिकडे 30 मार्चपासून ज्यांची एमओटी संपत होती त्यांना सहा महिने वाढवून दिले. पण तपासणी माफ म्हणजे भटकंती माफ नव्हे. तिकडेही घराबाहेर पडायला सबळ कारण लागत होतंच.

आता गाडीच्या भल्याचं. मनाला समजावायला नव्हे, खरंच सांगतो : छोटी फेरी गाडीला उभं राहण्यापेक्षा वाईट. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ लिटरभर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. इंजिन आणि सायलेन्सर नीट तापले तर ती वाफ निघून जाते. पाच-सात किलोमीटरांत पाणी तापतं, काटा वर येतो, आपल्याला वाटतं झालं. ऑइल तापायला त्याच्या दुप्पट-तिप्पट अंतर लागतं. तोवर ती वाफ सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये पाणी होऊन बसते. वर चोक ओढून चालू केलेलं, म्हणजे जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली नेतं. दारात पाच मिनिटं चालू ठेवणं हा तर सगळ्यात वाईट प्रकार. कॉलनीत बरेच जण रोज सकाळी करतात. स्टार्टरनं बॅटरीतून ओढलेलं तेवढ्या वेळात परतसुद्धा येत नाही. तुमच्या गाडीत बॅटरी चार्ज करायला अजून जुना डायनामो असेल, नवा अल्टरनेटर बसवला नसेल, तर आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी ठेवून इंजिन नुसतं चालू असताना, तो जवळपास काहीच देत नाही. लाल दिवा मिणमिणतो तो त्याचाच.

मग करायचं काय? बॅटरीपासून धरा. मल्टिमीटर असेल तर रात्रभर शांत राहिलेल्या बॅटरीवर लावा. 12.6 व्होल्ट म्हणजे भरलेली. 12.4 ला चार्जिंगला लावा. 12 वर आली तर आजच लावा, कारण तशीच ठेवली तर प्लेटांवर सल्फेट धरतं आणि मग ती कितीही चार्ज करा, टिकत नाही. उन्हात बॅटरी आपली आपणही लवकर उतरते, त्यामुळे पत्र्याच्या शेडपेक्षा घरातल्या फरशीवर ती सुखी. पाणी डिस्टिल्डच घाला. एसीचं साठवलेलं पाणी घालणारे महाभाग आहेत, मी घालत नाही. गाडी उभी आहे तोवर, इंजिन बंद असताना, बॅटरीची एक तार काढून ठेवलीत तरी पुरे. कुठली? गाडीच्या बॉडीला जोडलेली, म्हणजे अर्थ केलेली. पद्मिनीत ती निगेटिव्ह. हे वाचणाऱ्या जुन्या अँबेसिडरवाल्यांनी मात्र बघून काढा, सुरुवातीच्या गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थ असायचं.

इथं एक कबुली. मागच्याच महिन्यात रात्री दीडला शेजारच्या काकूंचा ऑक्सिजन खाली आला. अँब्युलन्सला फोन लागेना. सगळे माझ्या दाराशी आले, कारण गाडी माझ्याकडे आहे हे गल्लीला ठाऊक. आणि माझी बॅटरी होती आत फरशीवर, चार्जरला. मी पाना शोधेपर्यंत कोपऱ्यावरच्या घरातली मारुती 800 निघालीसुद्धा. काकू परत आल्या, बऱ्या आहेत. पण तेव्हापासून मी बॅटरी गाडीतच ठेवतो, तार काढतो, आणि दहाचा पाना डॅशबोर्डवर. तुमच्या घरी दुसरी चारचाकी नसेल तर तुम्हीही तसंच करा. दवाखाना आणि लस यासाठी ती निघालीच पाहिजे, त्यासाठी कुणी अडवणार नाही.

इंजिन फिरवायची खुमखुमी असेल तर अंगणात फिरवा. चारही प्लग काढा, प्रत्येक भोकात चहाच्या चमच्यानं अर्धा चमचा इंजिन ऑइल सोडा, चौथ्या गिअरमध्ये टाकून गाडी हातानं मागं-पुढं करा. मीटरभर ढकललं की इंजिनाचे दोनेक फेरे होतात, म्हणजे सगळे पिस्टन वर-खाली आणि सगळे व्हॉल्व्ह एकदा उघडून मिटले. पेट्रोल नाही, धूर नाही. प्लग काढलेले असले की नऊशे किलोच्या आसपासची गाडी दोन माणसांना सहज हलते. माझा नातू स्टिअरिंगवर बसतो आणि तोंडानं हॉर्न वाजवतो. टायरही त्या निमित्तानं जागा बदलतात, एकाच जागी चपटे होत नाहीत. हवा चार-पाच पौंड जास्त भरून ठेवली तर उत्तम, पायपंप चालेल. आठवड्यातून एकदा एवढं पुरे.

हँडब्रेक सोडा. हे बहुतेक जण विसरतात आणि मग ब्रेकच्या ड्रमला लायनर चिकटतं. चाकांना विटा लावा. क्लच रोज येता-जाता चार वेळा दाबा.

उंदीर. जाम, बॅटरी, टायर या सगळ्यापेक्षा मला उंदराची भीती जास्त. गल्लीतली हॉटेलं बंद, गाडे बंद, खायला नाही म्हणून ते वायरिंगवर येतात. सायलेन्सरच्या तोंडात चिंधी कोंबा आणि तिची आठवण म्हणून स्टिअरिंगला लाल कापड बांधा, नाहीतर चालू करताना चिंधी आणि तुम्ही दोघंही दमाल. एअर फिल्टरच्या तोंडावर जाळी. बॉनेट रात्रीचं अर्धवट उघडं ठेवतात काही जण, उंदराला अंधार आवडतो म्हणून. माझा अनुभव संमिश्र आहे.

झाकायला प्लॅस्टिकचं कव्हर नको, उन्हात ते रंगाला चिकटतं. आपल्या गावात राहून कव्हर विकत घेता? जुनी सोलापुरी चादर टाका, मोठ्या दोन. आमच्याकडच्या लग्नातल्या आहेत, रंग अजून पक्का, गाडीचाच काय तो उडालाय.

पेट्रोल टाकीत आहे ते असू द्या. पण त्यात इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढतं, आणि जुन्या रबराला ते मानवत नाही. निर्बंध उठल्यावर पहिल्यांदा चालू कराल तेव्हा कार्बोरेटरची पेट्रोल साठायची वाटी कोरडी असणार, स्टार्टर मारत बसू नका. पंपाच्या खालची लिव्हर बोटानं दहा-बारा वेळा दाबा, ती सैल लागायला लागली की वाटी भरली. पंपापासून कार्बोरेटरपर्यंतची रबरी नळी त्याआधी बोटात दुमडून बघा. चिरा दिसल्या तर बदलल्याशिवाय चावीच फिरवू नका, खाली तापलेलं इंजिन असतं.

आणि दुकानं उघडली की पंपाचा डायफ्राम किट घ्या. दोन घ्या. एक तुमच्याकडे, एक तुमच्या मिस्त्रींकडे देऊन ठेवा. मी चाचांना दिलाय, त्यांनी तो परवा दुसऱ्याच कुणाच्या पद्मिनीला बसवला म्हणे. आता मला तिसरा घ्यावा लागणार.