मरळ माशासाठी स्पिनरबेट (वरच्या तारेवर फिरणारं पातं आणि खाली झालर लावलेला गळ असलेलं नकली आमिष) टाकतो, पण ओढताना ते आडवं पडतं. काय चुकतंय?

बहुतेकदा तार वाकलेली असते. समोरून बघा: पातं धरणारी वरची तार गळाच्या नेमकी वर, एका रेषेत हवी. सरकली असेल तर पक्कडीने हळूच सरळ करा. तरीही कलंडलं तर तुम्ही दोरी फार भरभर गुंडाळताय; पात्याची थरथर रॉडमध्ये जाणवेल इतकाच वेग पुरे. थरथर अचानक थांबली की समजा, शेवाळ अडकलंय.

गोव्यात जून-जुलैत तळ्यांचं पाणी गढूळ होतं, तेव्हा लांबट विलोपेक्षा गोल कोलोरॅडो पातं बरं. वजन १० ते १४ ग्रॅम, ब्रेड (विणलेली दोरी) ३० पौंड ताण सोसणारी. मरळीच्या डोक्यावर टाकू नका, दोन हात पलीकडे टाका. आमिष पाण्याला टेकायच्या आत स्पूल (रिळावरचं दोरीचं चाक) अंगठ्याने दाबा, म्हणजे झालर गळाला गुंडाळत नाही. लालसर पिल्लांचा थवा वर दिसला तर मात्र त्यांना राखणारी मरळींची जोडी सोडून द्या.