राग रस्त्यांवर असेल तर निघा, राजकारणावर असेल तर आधी हे वाचा

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं : वय चौतीस, पुण्यात आयटीत बरी नोकरी, पत्नीचीही नोकरी, मुलगी पहिलीत. जर्मनीतल्या एका कंपनीची ऑफर हातात आहे आणि अमेरिकेतले मित्र म्हणतायत तिकडेच ये. बाकी अर्धा प्रश्न संतापाचा आहे. पगारातून कर आधीच कापून जातो आणि बदल्यात मिळतात खड्डे, उन्हाळ्यात टँकर आणि हिंजवडीच्या रस्त्यावर रोजचे दोन तास. ज्याला मत दिलं तो निवडून आल्यावर भलत्याच बाजूला जाऊन बसतो. ‘इथे काही बदलायचं नाही, मग निघावं का?’

मी आधी अमेरिकेत एच-१बीवर, म्हणजे तिथल्या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर होतो, नंतर जर्मनीत आलो आणि अजून इथेच आहे. तुमचा राग मला अवाजवी वाटत नाही. पुणे-मुंबईच्या महापालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि निवडणूक झाली जानेवारी २०२६ मध्ये. मधली जवळजवळ चार वर्षं कारभार प्रशासकांकडे होता. गटार तुंबलं तर ज्याच्या दारात जाऊन उभं राहायचं तो नगरसेवकच अस्तित्वात नव्हता. २०२२ मध्ये शिवसेना फुटली, २०२३ मध्ये राष्ट्रवादी. पक्षांतरबंदीचा कायदा १९८५ पासून आहे, पण आमदार अपात्र ठरवायचा की नाही हे विधानसभेच्या अध्यक्षांनी ठरवायचं, आणि अध्यक्ष बहुमताने निवडलेले. हे सगळं पाहून मन विटलं तर त्यात तुमचं काही चुकत नाही.

पण रागाची सरमिसळ करू नका. तुमच्या तक्रारींत दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. एक, रोजचं जगणं त्रासाचं आहे. दुसरी, आपल्या म्हणण्याला किंमत नाही. पहिली परदेशात खरोखर सुटते. दुसरी सुटत नाही, उलट वाढते, आणि हे निघण्यापूर्वी सहसा कोणी सांगत नाही.

पहिलीबद्दल मी हातचं राखून बोलणार नाही. इथे नळाचं पाणी तसंच पिता येतं. पहिली-दुसरीतली मुलं एकटी चालत शाळेत जातात. सरकारी कार्यालयातून नकाराचं पत्र आलं तर त्यात कारण लिहिलेलं असतं, आणि शेवटी हेही छापलेलं असतं की निर्णय मान्य नसेल तर कुठे आणि किती मुदतीत हरकत घ्यायची. बहुतेक वेळा महिनाभर मिळतो. मी अशी हरकत घेतलेली आहे, मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये, आणि निर्णय बदलला. कोणाची ओळख काढावी लागली नाही, कोणाला फोन करावा लागला नाही. साध्या माणसाला मिळणारी ही प्रतिष्ठा काय चीज आहे ते अनुभवल्याशिवाय कळत नाही. फक्त एवढ्यासाठी कोणी देश सोडला तर मी त्याला नावं ठेवणार नाही.

आता पैसा. पगाराला विनिमय दराने गुणू नका. डिसेंबर २०२५ मध्ये डॉलर नव्वद रुपयांच्या वर गेला, पण जागतिक बँकेच्या क्रयशक्तीच्या हिशेबात एका डॉलरचं काम भारतात वीस-बावीस रुपयांत होतं. म्हणजे गुणाकार करून जो आकडा डोळ्यांपुढे येतो, तो फक्त तुम्ही घरी पाठवाल तेवढ्या पैशांना लागू आहे. इथे खर्च कराल त्याला नाही. आणि कराचा राग घेऊन जर्मनीत येणार असाल तर पहिल्याच पगारपत्रकाला धक्का बसेल. आयकराशिवाय पेन्शनचे १८.६ टक्के, आरोग्यविम्याचे १४.६ टक्के आणि वर थोडी भर. यातला निम्मा वाटा कंपनी देते, निम्मा तुमचा. चांगल्या पगाराच्या एकट्या माणसाचे सगळं धरून ३५ ते ४० टक्के सहज जातात. तुम्ही विवाहित असल्याने थोडं कमी. मला ते टोचत नाही, कारण त्याचं काय होतं ते दिसतं. नोकरी गेली आणि मागच्या तीस महिन्यांत बारा महिने वर्गणी भरलेली असेल, तर मूल असलेल्याला निव्वळ पगाराच्या ६७ टक्के भत्ता मिळतो. तुमची चीड करापेक्षा कराच्या बदल्यात काही न मिळण्याची आहे, असं मला तुमचं लिहिणं वाचून वाटलं. तसं असेल तर जर्मनी मानवेल. कर भरणंच नको वाटत असेल तर नाही मानवणार.

आता दुसरी गोष्ट, जिच्यासाठी मी एवढं लिहायला बसलो. फेब्रुवारी २०२५ मध्ये जर्मनीत संसदेची निवडणूक झाली. स्थलांतरितांविरुद्ध उघड भूमिका घेणारा एएफडी २०.८ टक्के मतं घेऊन दुसऱ्या क्रमांकाचा पक्ष झाला. प्रचाराचा मोठा भाग आमच्यासारख्यांबद्दल होता आणि आम्हाला त्यात मत नव्हतं. युरोपीय संघातल्या नागरिकांना निदान इथल्या महापालिकेला मतदान करता येतं, आपल्याला तेही नाही. मी कर भरतो, शाळेच्या पालकसभेत बोलतो, शेजाऱ्यांशी राजकारणावर वाद घालतो, आणि मतदानाच्या रविवारी घरी बसून निकाल बघतो. पुण्यात तुमचं मत वाया गेलं असं तुम्हाला वाटतं. इथे वाया घालवायलाही मत नसतं.

अमेरिकेत तर याहून नाजूक. १९ सप्टेंबर २०२५, शुक्रवारी संध्याकाळी नव्या एच-१बी अर्जावर एक लाख डॉलर शुल्काची घोषणा झाली. अंमल रविवारपासून. ते आधीच्या व्हिसाधारकांना लागू नाही हा खुलासा दुसऱ्या दिवशी आला, तोवर कंपन्यांचे ‘ताबडतोब परत या’ असे ईमेल गेले होते आणि सुट्टीवर घरी आलेली माणसं मिळेल त्या विमानाने निघाली होती. एरवीसुद्धा एच-१बीवर नोकरी गेली की साठ दिवस मिळतात. तेवढ्यात दुसरी नोकरी, नाहीतर दुसरा व्हिसा, नाहीतर सामान बांधा. घराचं कर्ज, मुलांची शाळा, सगळं त्या साठ दिवसांच्या टांगत्या तलवारीखाली. ग्रीन कार्डाचं म्हणाल तर नोकरीच्या आधारे वर्षाला साधारण १ लाख ४० हजार मिळतात आणि एका देशाच्या वाट्याला सात टक्क्यांची मर्यादा. म्हणून भारतीयांच्या रांगेत आता कुठे २०१३-१४ च्या आसपासचे अर्ज पुढे सरकतायत. तुमची मुलगी पहिलीत आहे. आज रांगेत उभे राहिलात तर ती एकवीस वर्षांची होईपर्यंत तुमचा नंबर लागेल याची खात्री नाही, आणि एकविसाव्या वर्षी ती तुमच्या व्हिसावरून बाहेर पडते. ज्या देशात ती वाढली तिथे राहायला तिला स्वतःचा व्हिसा शोधावा लागेल. मित्रांना हे जरूर विचारा. ते मोठ्या घरांचे फोटो पाठवतील, याबद्दल आपण होऊन क्वचित बोलतील.

म्हणून दोन्हींत निवडायचं तर तुमच्या परिस्थितीत मी जर्मनी म्हणेन. ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणाऱ्या परवान्यावर आलात तर पत्नीला पहिल्या दिवसापासून नोकरी करता येते. जर्मन भाषा बी१, म्हणजे मध्यम पातळीपर्यंत शिकलात तर एकवीस महिन्यांत कायम वास्तव्याचा परवाना मिळू शकतो. भारत-जर्मनी सामाजिक सुरक्षा करार २०१७ पासून लागू आहे, त्यामुळे दोन्हीकडची वर्गणीची वर्षं पेन्शनच्या पात्रतेसाठी एकत्र धरली जातात. अमेरिकेशी आपला असा करारच नाही.

कधीतरी नागरिकत्वाचाही प्रश्न येईलच. जर्मनीने जून २०२४ पासून पाच वर्षांनी नागरिकत्व आणि जुनं पारपत्र ठेवण्याची मुभा दिली, पण भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. तिकडचं घेतलंत की इकडचं गेलं. मग ओसीआय कार्डावर, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळणाऱ्या कार्डावर आयुष्यभर ये-जा करता येते, पण मत देता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. २०२३ मध्ये २ लाख १६ हजारांहून जास्त भारतीयांनी नागरिकत्व सोडलं. त्यातल्या कित्येकांना ते सोडताना रडू आलं असेल असं मला वाटतं. मी अजून अर्ज केलेला नाही. इथल्या संसदेला मत देता यावं असं फार वाटतं आणि तिथलं मत सोडवत नाही.

ते मत तरी वापरता येतं का? अनिवासी भारतीयाला फॉर्म ६अ भरून नाव नोंदवता येतं, पण मतदानाला स्वतः, पारपत्र घेऊन, आपल्या केंद्रावर हजर राहावं लागतं. टपालाची सोय नाही. २०२४ च्या लोकसभेला नोंदणी केलेल्या सुमारे १ लाख १९ हजार अनिवासी मतदारांपैकी तीन हजारसुद्धा पोहोचले नाहीत. घरी बसून देशाच्या राजकारणावर रात्र रात्र संतापणारे मात्र प्रत्येक शहरात भेटतात. तो संताप फार वाईट असतो, कारण त्याचं करायचं काहीच नसतं. तुम्ही पुण्यात असेपर्यंत तरी माहितीचा अधिकार आहे, २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे, वॉर्डातला नगरसेवक आता पुन्हा आहे. यातलं काही वापरून पाहिलं असेल आणि मग थकला असाल तर गोष्ट वेगळी. वापरलंच नसेल तर निघण्यापूर्वी एकदा वापरा, निकाल काहीही लागो. ‘मी काहीच केलं नाही’ हे ओझं घेऊन येऊ नका.

जायचं ठरलं तर ऑफर लेटरवर सही करण्याआधी कंपनीला तीन गोष्टी लेखी विचारा : पगाराचा आकडा ब्लू कार्डच्या किमान मर्यादेत बसतो का, नोकरी सोडण्याची किंवा काढण्याची नोटीस किती, आणि पहिले काही महिने राहण्याची सोय कोण करणार. मोठ्या शहरांत भाड्याचं घर मिळणं नोकरी मिळण्यापेक्षा अवघड आहे, आणि मुलीची शाळा घराच्या पत्त्यावर ठरते. शहर कोणतं ते लिहिलं नाहीत. ते कळवा, म्हणजे कुठल्या भागात शोधायचं ते सांगता येईल.