'करंडी' आणि 'रणजी करंडक' यांतला 'करंड' एकच आहे का?

हो, एकच. बाजारातली पेरूची करंडी, देवघरातला कुंकवाचा करंडा आणि क्रिकेटचा करंडक यांचं काही नातं आहे की नुसताच उच्चार सारखा, असं तुम्ही विचारलंय. नातं आहे, आणि चांगलं सख्खं आहे.

तिघांचं मूळ संस्कृत 'करण्ड'. बांबूच्या कामट्यांची विणलेली टोपली किंवा झाकणाची पेटी, हा त्याचा अर्थ. मधाच्या पोळ्यालाही संस्कृतात करण्ड म्हटलेलं आहे. त्याला 'क' लागून 'करण्डक' झाला. मराठीनं एकाच शब्दाची तीन रूपं ठेवली आणि तिघांना वेगवेगळी कामं वाटून दिली. कानडीत डबीला 'करडिगे' म्हणतात, गुजरातीत गारुड्याच्या टोपलीला 'करंडियो'. म्हणजे कुटुंब बरंच पसरलेलं आहे.

मी नाशिकचा. लहानपणी आमची पेरूची बाग होती आणि माल करंडीतूनच जायचा. तळाला भाताचा पेंढा, त्यावर जुनं वर्तमानपत्र, मग पेरूचे थर. वरून पुन्हा पेंढा, त्यावर गोणपाटाचा तुकडा, आणि तो दाभणानं सुतळीचे टाके घालून काठाला शिवायचा. शिवण्याचं काम माझ्याकडे असायचं. टोपली आणि करंडी यांतला फरक मला तिथेच कळला. टोपली पसरट, तोंड उघडं, भरायची आणि डोक्यावर घ्यायची. करंडी खोल, तोंड बांधून परगावी धाडायची. पाटी त्याहून उथळ, शेणामातीची. घरात पोळ्यांना दुरडी, तांदूळ धुवायला रोवळी. कोंबड्या झाकायचं ते डालगं; 'कोंबड्या डालल्या का?' हे क्रियापदही त्याच घरातलं. कोशात या सगळ्यांपुढे 'टोपली' एवढंच लिहिलेलं असतं तेव्हा मला वाईट वाटतं, कारण वापरणाऱ्याच्या तोंडी यांतला एक शब्द दुसऱ्याच्या जागी कधीच येत नाही.

करंड्या विणून देणाऱ्या बुरूडमावशी आमच्या गल्लीच्या टोकाला बसायच्या. आधी कामट्या एकमेकींवर आडव्या-उभ्या टाकून त्या मधोमध पायानं दाबून धरायच्या. मग टोकं वर वळवायची आणि त्यांच्यामधून बारीक पट्टी फिरवत न्यायची, एकीच्या वरून, दुसरीच्या खालून. एकदा मी हट्टानं विणायला बसलो. दोन फेऱ्या झाल्या तरी वीण धरेना. मावशींनी कामट्या मोजल्या, त्या सोळा होत्या. त्यांनी एक कामटी मधून उभी चिरली, सोळाच्या सतरा केल्या, आणि पट्टी पुन्हा हातात दिली. एकाच पट्टीनं गोल विणायचं तर उभ्या कामट्या विषम लागतात. सम असल्या की पट्टी प्रत्येक फेरीला त्याच कामटीवरून जाते आणि गुंतत नाही. पट्टी बांबूच्या हिरव्या सालीकडची घ्यायची, आतला गर लवकर तुटतो, हेही त्यांचंच सांगणं.

आता करंडा. मूळ करण्डाला झाकण असायचं, आणि जपून ठेवायच्या वस्तूंसाठी ते झाकणच महत्त्वाचं ठरलं. पुढे बांबू गेला, लाकूड, पितळ, चांदी आली, पण नाव तेच राहिलं. आमच्या भांडी बाजारात आजही पितळेचा करंडा मागितला की झाकणाचीच डबी पुढे येते. 'फणीकरंडा' या जोडशब्दातला करंडा तोच. समंतभद्राचार्यांच्या जैन ग्रंथाचं 'रत्नकरंड श्रावकाचार' हे नाव घ्या, तिथेही रत्नांची पेटी हाच अर्थ. मूर्तिशास्त्रात 'करंडमुकुट' म्हणून मुकुटाचा एक प्रकार आहे. तो उतरत्या आकाराच्या करंडीसारखा दिसतो, म्हणून ते नाव. म्हणजे बुरुडाच्या हातची वस्तू देवांच्या डोक्यावरही जाऊन बसली.

करंडकाचं म्हणाल तर रणजी स्पर्धा 1934 मध्ये सुरू झाली, पुण्याची पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धा 1963 मध्ये. 'ट्रॉफी'ला मराठीत चषक आणि करंडक असे दोन शब्द रुळले. चषक म्हणजे पिण्याचा पेला. करंडक हा शब्द मला जास्त नेमका वाटतो, कारण जुन्या ट्रॉफ्यांना बहुधा झाकण असतं आणि ती लांबून मोठ्या करंड्यासारखीच दिसते. आमच्या गोल्फ क्लब मैदानावर रणजीचा सामना लागला की मला हमखास पेरू आठवतात.

फसू नका असे दोन शब्द सांगतो. नाशिकच्या रविवार कारंजा चौकाच्या नावातला 'कारंजा' पाण्याचा, त्याचा इथे संबंध नाही. कोकणातली 'करंदी' म्हणजे बारीक कोळंबी, तीही वेगळीच.

तुमच्या प्रश्नाच्या अगदी शेजारचं आणखी एक. पाली 'पिटक' म्हणजेही टोपली. विनय, सुत्त आणि अभिधम्म अशा तीन टोपल्या म्हणून त्रिपिटक. नाशिकजवळच्या पांडवलेण्यांच्या चोवीस लेण्यांत राहणाऱ्या बौद्ध भिक्खूंना आपल्या ग्रंथांसाठी टोपलीचं नाव कमीपणाचं वाटलं नव्हतं, याचा मला फार आनंद होतो.

आता टोमॅटो, द्राक्षं, पेरू सगळं प्लास्टिकच्या क्रेटमधून जातं. पिंपळगावच्या बाजारात शेतकरी त्याला 'कॅरेट' म्हणतात, आणि टोमॅटोचा भाव वीस किलोच्या कॅरेटवर बोलला जातो. गंमत अशी की इंग्रजी 'क्रेट'चं मूळही पुष्कळ कोशकार लॅटिन 'क्रातिस'पर्यंत नेतात, आणि त्याचा अर्थ काटक्यांची विणलेली जाळी. बांबू गेला तरी विणकाम शब्दात शिल्लक आहे.

तुमचा प्रश्न वाचून आजीचा पितळी करंडा कपाटातून काढला. इतकी वर्षं मी त्याच्या अंगावरच्या रेघा साधी नक्षी समजत होतो. आज चष्मा लावून नीट पाहिलं. तांबटानं पितळेवर पट्ट्या कोरल्या आहेत, एकीच्या वरून, दुसरीच्या खालून.