‘हे’मधले दोन मुक्काम

प्रश्न : सिडनीला मुलीकडे आलो आहोत. एप्रिलमध्ये भाड्याचा मोटरहोम (म्हणजे आतच राहायची सोय असलेली गाडी) घेऊन आम्ही नवरा-बायको दोघंच ॲडलेडपर्यंत जाणार आहोत. जावयांनी वाटेत ‘हे’ नावाच्या गावी दोन रात्री धरल्या आहेत. नकाशात त्या गावाभोवती डोंगर नाही, समुद्र नाही, नुसतं मोकळं. एक रात्र कमी करून पुढे सरकावं का?
– एक वाचक, कोल्हापूर (सध्या सिडनी)

उत्तर : मुळीच कमी करू नका. जावयांना प्रवास कळतो.

आधी नावाचं उरकते. आम्ही पहिल्यांदा तिथे उतरलो तेव्हा आईला फोनवर सांगितलं, “हे आणि मी हेमध्ये आहोत.” तर ती घाबरून म्हणाली, “अगं, जावईबापू कशात आहेत?” तिला गावाचं नाव समजावून सांगेपर्यंत कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या.

सिडनीहून हे सातशे किलोमीटरच्या वर आहे, ते एका दमात करू नका. नारंडेराच्या पुढे झाडं विरळ होत जातात आणि शेवटी रस्ता, कुंपण आणि आभाळ एवढंच उरतं. जमीन पाटासारखी सपाट. चार वाजेपर्यंत गावात पोहोचा, कारण संध्याकाळी कांगारू रस्त्यावर येतात.

आमची सोळा फुटी, गाडीमागे ओढायची कॅराव्हॅन. कॅराव्हॅन पार्कात ती आपल्या जागेवर मागे घेताना हे आत आरशात बघतात आणि मी मागे उभी राहून हात हलवते. “अजून या” आणि “बास” यांच्या मधल्या त्या दोन फुटांत आमची जेवढी भांडणं झाली, तेवढी मुलांच्या दहावीच्या वर्षीही झाली नव्हती. मोटरहोममुळे तुमचं निम्मं भांडण टळेल. पण चाकाखाली पाचर घालून गाडी सपाट उभी करायला विसरू नका, नाहीतर कढईतलं तेल एका कोपऱ्यात जमतं. आणि मरम्बिजी नदीच्या काठी सावलीचा मोह झाला, तरी रेड गम नावाच्या त्या थोराड निलगिरीखाली गाडी लावू नका. वारा नसतानाही तिच्या मोठाल्या फांद्या कधी कधी अचानक खाली येतात. आम्हाला हे शेजारच्या तंबूतल्या आजोबांनी चपला न घालता धावत येऊन सांगितलं.

पहिला दिवस असाच जातो. वीज जोडा, पाणी जोडा, छपरी ओढा, खुर्च्या बाहेर काढा. पाचच्या सुमाराला आजूबाजूचे लोक आपापली खुर्ची आणि पेला घेऊन एकत्र बसतात. बोलावण्याची वाट पाहू नका, खुर्ची उचला आणि जा. कुठून आलात, कुठे निघालात, डिझेल किती लागतं, एवढ्या तीन विषयांवर दोन तास निघतात. फोडणी मात्र गाडीबाहेरच्या शेगडीवर करा. आमच्या मोहरीने धुराचा भोंगा वाजवला, तेव्हा सगळी ओळ बाहेर आली होती. एका अर्थी ओळखी लवकर झाल्या म्हणा.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेकरी, मग जुनं रेल्वे स्टेशन. तिथल्या डब्यांमध्ये एक छोटं संग्रहालय आहे, ते चुकवू नका. १९४० साली ब्रिटनने जर्मन आणि ऑस्ट्रियन माणसांना ‘शत्रूदेशीय’ ठरवून ‘डुनेरा’ बोटीत कोंबलं आणि ऑस्ट्रेलियाला धाडलं. त्यातले बरेचसे हिटलरच्याच तावडीतून सुटलेले ज्यू होते! त्यांना सिडनीहून रेल्वेने इथे, या सपाटीवर आणून तारेच्या कुंपणात ठेवलं. या लोकांनी आत वर्ग चालवले, मैफली केल्या, छावणीपुरत्या नोटाही छापल्या. त्या नोटेच्या कडेला काटेरी तारेची नक्षी आहे. नीट पाहिलं तर त्या तारेतच अक्षरं आहेत, ‘आम्ही इथे आहोत कारण आम्ही इथे आहोत’, असं फिरून फिरून तेच. हे तिथे चष्मा काढून, घालून, पुन्हा काढून वाचत बसले. मला त्या डब्यातून बाहेर पडल्यावर पुढचा अर्धा तास काही बोलवेना.

मेंढ्यांची लोकर कातरण्याचं संग्रहालयही मोठं आहे, प्रात्यक्षिक असेल तरच थांबा. बिशपचं १८८८ सालचं घर जरूर बघा. बिशपचं घर आणि चक्क पत्र्याचं! कोकणातल्यासारखं वाटलं मला, बाहेर जुने गुलाब मात्र कोकणातले नाहीत.

सूर्यास्तासाठी लोक बुलिगलच्या रस्त्याला सोळा किलोमीटर जातात. भाड्याच्या गाडीला अंधारात चालवायची मनाई आहे का, ते आधी करारात बघा. असेल तर हळहळू नका. शेवटचं घर संपलं की सपाटी सुरू होते. तिथेच कडेला उभं राहायचं.

प्रश्न : आम्हीही त्याच रस्त्याने ॲडलेडला जाणार आहोत. वाटेत घेतलेली संत्री आणि हिरव्या मिरच्या पुढे नेता येतील ना?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : नाही. फळमाशीच्या भीतीने दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या हद्दीवर याम्बाला गाड्या थांबवून तपासतात. फळं आणि मिरची-टोमॅटोसारख्या भाज्या तिथून पुढे जात नाहीत, लपवल्या तर दंड होतो. आम्ही अलीकडे गाडी उभी करून सहा संत्री जागेवर संपवली. मिरच्यांची आदल्या रात्रीच भजी करून शेजारच्या क्वीन्सलंडच्या जोडप्याला दिली होती. आजींनी दुसरी मागितली. आजोबांनी दूध मागितलं.