नव्या वसाहतीला इतिहासाची पाटी लावावी का?

तुमचा प्रश्न असा : साताऱ्याजवळ आमची आखीव वसाहत होते आहे, गेटपाशी इतिहासाची पाटी लावावी असं काहींचं म्हणणं आहे, पण अशा पाट्या जुन्या अवशेषांनाच शोभतात ना?

नाही. जरूर लावा. पण मजकूर ठरवण्याआधी एकदा साताऱ्याजवळच्या लिंब गावी जाऊन बारामोटेची विहीर बघून या. तिथल्या शिलालेखात शके १६४१ ते १६४६ असा बांधकामाचा काळ दिला आहे. कुणाच्या राज्यात बांधली आणि कुणी बांधली, तेही आहे : शाहू महाराज आणि विरूबाई. एवढ्या थोड्या ओळींत सगळं आलं. तरीही बरेच लोक बिनदिक्कत 'सन १६४१ची विहीर' असं लिहितात. शाहू महाराजांचा जन्मच १६८२चा! शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे विहीर १७१९ ते १७२४ची. म्हणून पाटीवर नुसता आकडा घालू नका, शक की सन ते स्पष्ट लिहा.

कराडजवळ आगाशिवच्या डोंगरात बौद्ध लेणी आहेत. त्यातल्या एका लेण्यातला ब्राह्मी लेख सांगतो की हे लेणं गोपाळाचा मुलगा संघमित्र याने दान दिलं. बस्स, एवढंच. पण त्यामुळे दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका बापलेकाची नावं आज आपल्याला माहीत आहेत. संरक्षित स्मारकापाशी पुरातत्त्व खात्याची जी पाटी असते तिच्यावर १९५८चा कायदा आणि शिक्षा लिहिलेली असते. तीही हवीच, पण तेवढ्यावरून ही जागा कुणाची ते कळत नाही.

आणि आखीव वसाहतीला इतिहास नसतो असं कोण म्हणतं? सातारा शहरच शाहू महाराजांनी अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वसवलेलं. शनिवार, सोमवार, मंगळवार या पेठा काही आपोआप उगवल्या नाहीत. सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडी बघा. १९१०मध्ये औंध संस्थानाने कुंडलजवळचा माळ दिला, फड्या निवडुंगाने भरलेला, आणि लक्ष्मणराव किर्लोस्करांनी तिथे कारखाना आणि कामगारांची घरं उभी केली. आज तिथल्या झाडांच्या सावलीत उभं राहिलं तर तो माळ डोळ्यांसमोर येत नाही. कुणीतरी सांगावा लागतो.

हे मी एवढं तळमळीने लिहितोय कारण मी स्वतः धरणग्रस्तांच्या गावठाणात वाढलो. काटकोनात रस्ते, सारख्या मापाचे प्लॉट, आणि फाट्यावर पाटी : 'पुनर्वसित गावठाण'. त्यापुढे काही नाही. आमचं मूळ गाव कोयनेच्या पाण्याखाली गेलं. येताना लोकांनी देवाचा तांदळा, म्हणजे देव म्हणून पुजला जाणारा दगड, गोणपाटात गुंडाळून बैलगाडीतून आणला. आजी नव्या घराच्या ओसरीवर बसून जुन्या गावातल्या आळ्या बोटांवर मोजायची, एखादी चुकली की पुन्हा पहिल्यापासून. ती गेली. आता त्या आळ्या पुऱ्या सांगणारं कुणी उरलं नाही.

तेव्हा तुमच्या पाटीवर बिल्डरचं नाव आणि उद्घाटनाची तारीख येईलच, त्याची काळजी नको. तुम्ही शेजारच्या गावात जा, ऐंशीच्या पुढची दोन-तीन माणसं गाठा आणि विचारा : या शिवाराला काय म्हणायचे? इथे काय पिकायचं, कुणाकुणाची शेती होती? विहीर कुठे बुजवली? ओढा कुठून जायचा? जुना सातबारा काढा, फेरफार बघा. शेत विकलेल्या माणसांची नावं त्यांना विचारून घाला. खात्री नसेल ती गोष्ट गाळा, पराक्रमाची वाक्यं तर नकोतच.

फ्लेक्स मात्र करू नका, दोन उन्हाळ्यांत पांढरा पडतो. काळ्या दगडात कोरून घ्या. अक्षरं मोठी ठेवा, आणि पाटी पोरांच्या डोळ्यांच्या उंचीवर बसवा.